तिसऱ्या मजल्याचा दिवा

फोन उचलण्याआधी मी दिवा बघते. माझ्या टेबलावरच्या जुन्या यंत्रावर बटणांच्या दोन रांगा आहेत. प्रत्येक बटणाशेजारी कागदाची चिंचोळी पट्टी, पट्टीवर संस्थेचं नाव आणि एक तांबडा दिवा. सायकलवाल्यांचा दिवा लुकलुकला की मी सायकलवाल्यांची, नदी साफ करणाऱ्यांचा लुकलुकला की नदीवाल्यांची. आवाजसुद्धा थोडा बदलावा लागतो. फुकट कायद्याचा सल्ला देणाऱ्यांकडे फोन करणारा माणूस आधीच घाबरलेला असतो, त्याच्याशी नाटकवाल्यांच्या उत्साहात बोलून कसं चालेल? पलीकडच्याला वाटतं, केवढं मोठं ऑफिस आहे, दारात खास बाई बसवलीय. प्रत्यक्षात संस्था म्हणजे चौथ्या मजल्यावरचं एक टेबल, दोन खुर्च्या आणि पाणी न घातल्यामुळे वाळलेलं एक झाड. बाई तेवढी खरी. सगळ्यांची मिळून एक, ती मी.

कॅनडातल्या विनिपेगच्या जुन्या बाजारपेठेत आमची ही विटांची इमारत. पूर्वी बियाण्यांची वखार होती, म्हणून नाव सीडहाऊस. आता तिथे समाजसेवा करणारी मंडळी भाड्याने खोल्या घेतात. फोन, कॉपीचं यंत्र, बैठकीची खोली, तळघरातलं स्वयंपाकघर आणि मी, सगळं भाड्यात येतं. हिवाळ्यात रेडिएटर तापले की जमिनीच्या फळ्यांमधून अजून गोणपाटाचा आणि जवसाचा वास येतो. मला तो आवडतो, मॅनेजर क्लेटनला आवडत नाही.

तोंडाने मी फटकळ आहे, हे इथलं कुणीही सांगेल. पण कानाने नाही. दिवा स्थिर पेटलेला असला म्हणजे त्या लाइनीवर कुणीतरी बोलतंय. तेव्हा ते बटण दाबून मी रिसीव्हर उचलला तर मला सगळं ऐकू येईल, यंत्रच तसं आहे. पण या इमारतीत नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेल्या बायका फोन करतात, कागदपत्रं नसलेली माणसं करतात. म्हणून दुसऱ्याच्या लाइनीवर कान द्यायचा नाही, हा आमच्या टेबलाचा धर्म. तो मी मोडला, त्याची ही गोष्ट आहे.

तिसऱ्या मजल्यावर सिग्रूनची संस्था होती, 'मॉर्निंग रिंग'. सिग्रून मूळची गिमलीकडची, आइसलँडहून आलेल्या लोकांतली, उंच, हाडकुळी आणि भलतीच चिवट. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना ती आणि तिच्या स्वयंसेवक बायका रोज सकाळी फोन करायच्या. "उठलात का? काय खाल्लंत?" एवढंच. म्हाताऱ्याला बोलायचं असेल तर बोलू द्यायचं, आणि फोन आपण आधी ठेवायचा नाही. त्याने ठेवल्यावरच ठेवायचा. याबाबतीत ती फार कडक होती. "दिवसभरात एकदा तरी कुणीतरी त्यांच्यानंतर फोन ठेवायला हवा," म्हणायची.

नवं नाव घेताना ती वय विचारायची नाही, आजार विचारायची नाही. पहिला प्रश्न, "तुमची किल्ली कुणाकडे आहे?" शेजारी कुणाकडे तरी घराची किल्ली ठेवल्याशिवाय ती नाव घ्यायचीच नाही. कुणी दोनदा फोन वाजूनही उचलला नाही, की सिग्रून आतल्या लाइनीवरून मला खाली फोन करायची आणि म्हणायची, "किल्ली." मग त्या माणसाचं नाव. शेजाऱ्याला उठवायचं काम माझं, कारण तिला पुढचे फोन करायचे असत. बहुतेक वेळा म्हातारा अंघोळीला गेलेला असायचा. कधीकधी नसायचा.

माझे वडीलही तिच्या यादीत होते. आम्ही युक्रेनियन, त्यामुळे वडिलांना तातो म्हणतो. तातो शहराच्या नॉर्थ एंड भागातल्या आमच्या जुन्या घरात आई गेल्यापासून एकटे राहत. रेल्वेच्या यार्डात जन्म गेला, गुडघे गेले, ऐट तेवढी शिल्लक. पलीकडच्या गल्लीतला त्यांचा मित्र स्टेफन एका हिवाळ्यात स्वयंपाकघरात पडला आणि आठवडाभर कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा तातो तिथे गेले होते. त्यानंतर ते एकदा मला म्हणाले, "मरायला नाही भीत मी, ओरिस्या. पडून राहायला भितो."

त्याच आठवड्यात मी त्यांचं नाव सिग्रूनला दिलं. किल्ली समोरच्या हेल्गाकडे ठेवली. आणि पहिल्याच सकाळी दोघांची जुंपली. तातो ओटच्या लापशीत मीठ घालत, सिग्रून ब्राउन शुगर घाले. "लापशीत साखर घोड्यांना घालतात," तातो म्हणाले. बस्स, मग रोज सकाळी तेच भांडण. म्हातारा वाट बघायचा त्या भांडणाची. मी कधी औषधांवरून, बर्फावरून त्यांना उपदेश करायला गेले की मला मात्र भलतंच विचारायचे.

"आणि तुझी किल्ली कुणाकडे असते गं?"

"माझ्याकडे! मी काय म्हातारी आहे?"

"होशील की."

घटस्फोटानंतर मी नदीकाठच्या एका इमारतीत एकटी राहते. शेजारी कोण आहे, मला माहीत नाही. विषय बदलून मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला निघून जायचे.

ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगची जोडून सुट्टी होती. सुट्टीत तिच्या बायका आपापल्या घरून फोन करत, म्हणून कुणाला काही खटकलं नाही. मंगळवारी सिग्रून आली नाही. मी फोन केला, दोनदा केला. मग तिच्या शेजाऱ्यांचा नंबर शोधायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, की तिची किल्ली कुणाकडेच नव्हती. जगाला विचारत सुटलेली बाई! अग्निशामक दलाने दार फोडलं. शनिवारपासून ती आत तशीच पडून होती, असं नंतर डॉक्टर म्हणाले. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि नाटकवाल्यांचा फोन वाजला तेव्हा तोही मीच उचलला.

संस्था तिच्याबरोबरच गेली. म्हाताऱ्यांना कुठल्याशा यंत्राकडे सोपवलं. यंत्र सकाळी फोन करून सांगायचं, बरे असाल तर एक दाबा. "दाबला एक," तातो म्हणाले. "मेलो असतो तरी दाबला असता, म्हणजे कटकट नको." चार दिवसांत त्यांनी ते बंद करून टाकलं. मग रोज सकाळी टेबलावर आल्या आल्या मीच त्यांना फोन करायला लागले. तिसऱ्या मजल्यावरचा फोन क्लेटनने काढून नेला, खोलीला कुलूप लावलं, रेडिएटर बंद केला. माझ्या यंत्रावरची पट्टी तेवढी राहिली. नवा भाडेकरू येईपर्यंत जुनी पट्टी काढायची नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे.

डिसेंबर लागला. एका सकाळी मी फोन केला तर तातो वैतागले.

"परत? झालं की माझं बोलून."

"कुणाशी?"

"तुमच्या बाईशी. कोण म्हणजे काय? साखरवालीशी."

मला वाटलं, थट्टा करतायत. "तातो, सिग्रून गेली. तुम्ही आला होतात चर्चमध्ये. तुम्हीच तर म्हणालात, शवपेटी स्वस्तातली आहे म्हणून."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "मी काय खुळा आहे?" आणि फोन ठेवून दिला.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कारण नेमकं त्याच आठवड्यात वृद्धाश्रमातून निरोप आला होता, की जागा झालीय, नाताळाच्या आत काय ते कळवा. माझा भाऊ टॅरस कॅल्गरीला असतो. वर्षभर तो माझ्या मागे लागला होता, की म्हाताऱ्याला तिथे टाकून घर विकून टाकू. मी अडून बसले होते, कारण तातोंनी मला आईच्या फोटोवर हात ठेवून सांगितलं होतं, की या घरातून मी आडवाच बाहेर पडणार. पण ते मेलेल्या बाईशी बोलायला लागले असतील तर मग टॅरसचंच खरं. डोकं ठिकाणावर नसलेला माणूस गॅस उघडा ठेवेल, उणे चाळीसच्या थंडीत शर्टावर बाहेर जाईल. त्यांना त्या घरात ठेवायचं की नाही, हे आता मला एकटीला ठरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कोट काढत होते, बूट अजून पायांतच होते. यंत्राकडे सहज नजर गेली. 'मॉर्निंग रिंग'चा दिवा पेटला होता. लुकलुकत नव्हता, स्थिर होता.

क्लेटनला बोलावलं. तो बिचारा भला मुलगा आहे, टाय लावतो आणि सगळ्याचं कारण सांगतो. "थंडीने तारा आखडतात, ओरिस्या. कुठेतरी दोन तारा चिकटल्या असतील."

"मग चल, बघू."

माल चढवायच्या जुन्या लिफ्टने आम्ही वर गेलो. त्याने कुलूप उघडलं. खोली रिकामी होती. टेबल नाही, खुर्ची नाही, भिंतीत फोनची नुसती खोबण, आणि तिच्यात काहीही खुपसलेलं नाही. इतकी थंडी होती, की आमच्या तोंडातून वाफ निघत होती. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची जाड साय धरली होती, वरपासून खालपर्यंत. फक्त एका ठिकाणी, बशीएवढ्या जागेत, काच स्वच्छ होती. कडा ओल्या होत्या. पलीकडच्या गच्चीवरचा धूर त्यातून दिसत होता.

मी खाली वाकले तेव्हा तोंड त्या जागेसमोर आलं. उभ्या माणसाची ती उंची नव्हती. सिग्रूनची खुर्ची तिथेच असायची, खिडकीकडे तोंड करून.

"काचेला भेग असेल," क्लेटन म्हणाला. मग त्याने नाक वर केलं. "कुणी इथे काही खाल्लंय का?"

वेलदोड्याचा वास येत होता. सिग्रून घरून सुकवलेलं आलुबुखार आणि वेलदोडा घातलेला थरांचा केक आणायची आणि तो खणात ठेवायची. खण असलेलं टेबल तर आम्ही नोव्हेंबरातच दान केलं होतं. क्लेटनने कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि जिन्याने खाली गेला. लिफ्टसाठी तो थांबला नाही.

तळघरात लुझ सामोसे तळत होती. लुझ फिलिपाइन्सची. नव्याने आलेल्या बायकांना घेऊन ती जेवणाचे डबे पुरवते. मला ती 'आते' म्हणते. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. मी तिला सगळं सांगितलं. हसून सोडून देईल, असं वाटलं होतं.

"तुझे बाबा घाबरलेत का तिला?"

"छे! खुशीत असतात."

"मग तू कशाला मधे पडतेस, आते?"

"टॅरसला उत्तर द्यायचंय मला. म्हातारा वेडा झालाय की नाही, हे मला कळायला नको?"

तिने झारा कढईच्या कडेवर ठेवला. "कळलं तर तुला काय हवंय? वेडा झालेला हवाय, की नसलेला?"

"सामोसा करपतोय," एवढंच मी म्हणाले.

पुढच्या सकाळी मी लवकर आले. तातोंची फोनची वेळ झाली आणि दिवा पेटला. मी माझ्या लाइनीवरून तातोंचा नंबर फिरवला. लाइन व्यस्त. ठेवला, परत फिरवला, व्यस्त. समोर तो दिवा जळत होता. मग विझला. मी लगेच फिरवला तर पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"अगं, ठेवला आत्ताच. तुला जरा धीर म्हणून नाही!"

म्हणजे म्हातारा खुळा नव्हता, फोन खरंच येत होता. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच भीती वाटली.

तरी खात्री हवी होती. व्यस्त लाइनीची शंभर कारणं असतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक! नाताळाला थोडेच दिवस राहिले होते, टॅरस रोज फोन करत होता. एका सकाळी दिवा पेटला, आणि या टेबलावर इतकी वर्षं जे केलं नव्हतं ते मी केलं. बटण दाबलं आणि रिसीव्हर हळूच कानाला लावला.

तातोंचा आवाज. घरात मी ऐकते तसा नाही, जरा मोकळा, जरा तरुण.

"...मीठच. मीठ आणि लोणी. मरेपर्यंत मीठच घालणार."

मग काहीच नाही. खरखरही नाही. बर्फ पडून गेल्यावर अंगणात असतं तसं अगदी शांत. कुणी काही बोललं नाही, आणि त्या शांततेला तातो खळखळून हसले.

"घोड्यांना विचार मग! काय? नाही, गुडघा बरा आहे. हेल्गाने सूप दिलं काल, नुसतं पाणी."

परत शांतता, या वेळी जरा जास्त.

"हो," तातो म्हणाले. "मला कळलं मघाशीच. माझीच मुलगी आहे ती. ऐकू दे."

रिसीव्हर कसा ठेवला मला आठवत नाही. कायदावाल्यांचा दिवा लुकलुकत होता आणि मी त्यांना नाटकवाल्यांचं नाव सांगितलं. सगळ्या वर्षांत पहिल्यांदा.

त्या संध्याकाळी मी टॅरसला सांगितलं, तातो कुठेही जाणार नाहीत.

"डोकं फिरलंय तुझं. पडले बिडले तर कोण बघणार आहे?"

"आहे व्यवस्था."

"कसली व्यवस्था? ती बाई तर मेली ना?"

"आहे म्हटलं ना!" मी ओरडले आणि फोन ठेवला. आधी ठेवला.

नाताळ त्या घरातच झाला, आमचा जुन्या पंचांगाचा, सात जानेवारीचा. बारा पदार्थ करायचे असतात, मी सहा केले, तातोंनी बाराच्या बारांना नावं ठेवली. टेबलावर एक जागा गेलेल्यांसाठी मांडायची असते. तातोंनी त्या ताटलीशेजारी साखरेचं भांडं सरकवलं आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. तिसऱ्या मजल्याची खोली बघायला साबण करणारं एक तरुण जोडपं आलं होतं, त्यांना मी सांगितलं की तिथे उंदीर आहेत. क्लेटनने ऐकलं आणि त्यांना बाहेरचं दार उघडून दिलं. रोज सकाळी दिवा पेटायचा, विझायचा, मग मी कामाला लागायचे. काय सांगू, सवय झाली मला त्याची.

जानेवारीच्या शेवटी कडाका पडला. गाड्या सुरू होईनात, रस्त्यावर माणूस नव्हता. मी टेबलाशी बसून हात चोळत होते.

तातोंची वेळ झाली. दिवा पेटला. विझला. पुन्हा पेटला, पुन्हा विझला.

आणि मग माझा फोन वाजला. बाहेरची लाइन नव्हती, आतली होती. तिसऱ्या मजल्याचा दिवा लुकलुकत होता.

मी उचलला. पलीकडे तीच शांतता.

"किल्ली?" मीच म्हणाले.

दिवा विझला.

मी हेल्गाला फोन लावला. "माझ्या बाबांकडे जा. आत्ता. कोट नको घालू, जा!" ती बाई चपलांवर बर्फातून धावली.

क्लेटनने कशीबशी गाडी सुरू करून मला पोहोचवलं तेव्हा तातो स्वयंपाकघराच्या जमिनीवर होते, स्टोव्हजवळ. डोकं हेल्गाच्या मांडीवर. ॲम्ब्युलन्स बर्फात अडकून अजून वाटेतच होती. डोळे उघडे होते.

मी खाली बसले. त्यांचा हात हातात घेतला, गरम होता.

"बघ," तातो म्हणाले. "पडून नाही राहिलो."

"नाही, तातो. नाही राहिलात."

मग ते गेले. मी हात सोडला नाही. फार रडले, आणि मनातून फार निवले, दोन्ही एकदमच.

फोन भिंतीवर जागच्या जागी होता. त्यांनी उचललाच नव्हता.

अंत्यविधी झाला. टॅरस आला, माझ्या गळ्यात पडून रडला आणि म्हणाला, "बरं झालं तू ऐकलं नाहीस माझं." घर तो एवढ्यात विकणार नाही म्हणाला. मी कामावर परतले तेव्हा तिसऱ्या मजल्याचा दिवा विझलेला होता. दुसऱ्या दिवशीही. वाटलं, संपलं. मी क्लेटनला सांगितलं, साबणवाल्यांना बोलाव, उंदीर गेले. ती जुनी पट्टी काढायला नख घातलं, पण निघेना, गोंद सुकून घट्ट झाला होता. म्हटलं, उद्या कात्री आणू.

दुसरा दिवस उजाडला. मी कात्री हातात घेऊन बसले. तातोंची वेळ झाली.

दिवा पेटला.

त्यांच्या घरचा फोन तर मी स्वतः बंद करून आले होते. कात्री खाली ठेवली. बटण दाबलं, रिसीव्हर कानाला लावला.

एका म्हातारीचा आवाज. मी कधी न ऐकलेला, चिरका, स्कॉटिश वळणाचा.

"...उठले हो, केव्हाची. लापशी खाल्ली. साखर घालून, मग काय घालून?"

शांतता.

"घोड्यांना?" म्हातारी खुदकन हसली. "अहो, काहीतरीच काय! तुम्ही नवीन दिसताय. ती आधीची बाई बरी होती हो, ती साखरच खायची."

मी दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला होता.

"कोण ऐकतंय?" म्हातारी म्हणाली. "अच्छा, मुलगी होय. बरं बरं, सांगते."

मग ती जरा मोठ्याने बोलली, माझ्याशी.

"बाई गं, ते विचारतायत, तुझी किल्ली कुणाकडे आहे?"

दिवा जळत होता. तातो आधी फोन ठेवणार नव्हते.